गाडी उचलली, पण ठेवली नाही

दिवाळीच्या सेलमध्ये दोन टनी ट्रॉली जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने गाडी उचलणारा चाकांवरचा जॅक, मागवला आणि डिसेंबरपर्यंत खोकं जिन्याखाली तसंच पडून राहिलं. ही चूक सर्वस्वी माझी. गाडीबरोबर मिळालेला कात्री जॅक फिरवून फिरवून कंबर धरते म्हणून 2,899 रुपये घातले होते. कोकणात जायच्या आधी टायर घरीच अदलाबदल करून घेऊ, असं म्हणत एका रविवारी खोकं फोडलं.

वॅगनआरखाली जॅक सरकवला आणि दांडा मारायला लागलो. दांडा खालीवर होतोय, वर काहीच येत नाही. बायको गॅलरीतून म्हणाली, "गाडी उचलायची आहे का व्यायाम चाललाय?" माहितीपत्रकातली चित्रं बघितल्यावर उलगडा झाला. दांड्याच्या टोकाची खाच ज्या बोंडावर बसते, तोच रिलीज व्हॉल्व्ह. तो उजवीकडे घट्ट पिळल्याशिवाय पंपाने ढकललेलं तेल वळसा घालून पुन्हा टाकीतच येतं. पिळला. मग जॅक चढायला लागला, पण लोण्यात हात घातल्यासारखा. दांड्याला जोरच लागेना.

ही हवा. वाटेत खोकं आडवं, उलटं कसंही पडतं आणि तेलाच्या वाटेत हवा शिरते. तेल दाबून दबत नाही, हवा दबते; आपला सगळा जोर तिच्यातच जिरतो. जॅक गाडीखालून काढला, व्हॉल्व्ह सैल सोडला, पंधराएक वेळा दांडा पूर्ण मारला, व्हॉल्व्ह पुन्हा पिळला. हे तीनदा केल्यावर दांडा हाताला टणक लागला. गाडी सुरेख उचलली गेली. चाक जमिनीपासून तीन बोटं वर आलं, तेव्हा मी गॅलरीकडे एक नजर टाकून घेतली.

नट काढायचा पाना आणायला वर गेलो, चहा घेतला आणि खाली आलो तर चाक जमिनीवर टेकलेलं. कुणी हात लावलेला नाही, फरशीवर तेलाचा थेंब नाही. बाहेर गळती नाही म्हणजे तेल आतल्या आतच निसटतंय. न उचलणारा जॅक फार तर वेळ खातो. हा मात्र उचलतो, भरवसा देतो आणि मग आवाज न करता खाली येतो. चाक काढलं की ते आधी गाडीखाली आडवं सरकवायचं, ही आमच्या वडिलांची शिस्त. पण मी अजून चाक काढलंही नव्हतं, खाली काहीच नव्हतं. नुसतं वाकून ब्रेक बघायचा म्हणून हात आत घातला असता तर?

मग लेकीच्या कंपासमधली पट्टी आणली. गाडी पुन्हा उचलली, स्टेपनी खाली सरकवली आणि जॅक लावायच्या जागेपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजलं: 29.5 सेंटिमीटर. दहा मिनिटांनी 27. वीस मिनिटांनी 25 च्याही खाली. प्रत्येक वेळी पट्टी आणि घड्याळ एकाच फोटोत येईल असं बघितलं. पुढे सगळं काम याच फोटोंनी केलं.

मंगळवारी जॅक घेऊन उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. खोलून द्या म्हटलं तर त्यांनी हात मागे घेतला. "खोललासा की वॉरंटी गेली बघा. तेल तेवढं बघू." वरची पट्टी काढून रबरी बूच स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, तार आत बुडवली आणि तेल पांढऱ्या चिंधीवर पसरून उन्हात धरलं. बारीक बारीक कण चमकत होते. "चांदी आली की वो," ते म्हणाले. कारखान्यात सिलिंडर कातल्यावर धातूचा कीस नीट धुऊन काढला नव्हता. त्यातला एखादा कण व्हॉल्व्हमध्ये तेलाची वाट बंद करणाऱ्या छऱ्याखाली बसला की छरा पूर्ण टेकत नाही आणि त्या केसाएवढ्या फटीतून तेल परत फिरतं. तेल काढून, धुऊन, नवं जॅक ऑइल भरलं तर बहुधा काम झालं असतं. घरी कुणी करणार असेल तर ब्रेक ऑइल ओतू नका, सील फुगून जातात, हेही त्यांनी बजावलं. पण पैसे मात्र घेईनात. "नवा माल तुम्ही का दुरुस्त करालाय?"

विक्रेत्याच्या चॅटवर तर मजाच. सात दिवसांची परतीची मुदत संपली, आता वॉरंटीचं बघा. वॉरंटी कार्ड म्हणतं, स्वखर्चाने उत्तरेतल्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. कुरियरवाला म्हणतो, आत तेल आहे? मग घेत नाही. मधल्या काळात "व्हॉल्व्ह बंद आहे का ते कृपया तपासा" असं मला चार वेळा विचारून झालं.

तेव्हा विक्री करणाऱ्या वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार त्याला 48 तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निपटारा करावा लागतो. ईमेलमध्ये रागाचा एक शब्द घातला नाही. बिल, पट्टीचे फोटो, चिंधीचा फोटो आणि एक ओळ: गाडी साधारण साडेआठशे किलोची, उचललेला एकच कोपरा, जॅक दोन टनांचा. ओझं जास्त झालं म्हणायला जागाच ठेवली नाही.

पोच आली, पुढे शांतता. पाचव्या दिवशी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. समोरच्या बाई मराठीत बोलल्या, बिल क्रमांक आणि तारीख घेतली, मला काय हवंय ते विचारलं: बदली की पैसे? तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला. त्यांनी हेही सांगितलं की हेल्पलाइन हुकूम देत नाही, तक्रार कंपनीपुढे नेऊन पाठपुरावा करते. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच: दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सात दिवस संपले म्हणजे सगळं संपलं, हे विक्रेत्याचं म्हणणं होतं, कायद्याचं नव्हे.

चार दिवसांनी कंपनीचाच फोन आला, आवाज एकदम गोड. मी पैसे मागितले. न्यायला आलेल्या पोराने खोक्यावरचा तेलाचा डाग बघितला आणि तो रिकामाच परत गेला. बिचाऱ्याचं चुकलं नाही, बूच मीच नीट दाबलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला प्लास्टिकमध्ये गुंडाळून, 'ही बाजू वर' असं लिहून दिला. आठवड्यात पैसे जमा झाले.

नवा जॅक उद्यमनगरातल्याच दुकानातून घेतला, साडेतीनशे रुपये जास्त देऊन. दुकानदाराने स्वतःच्या टेम्पोखाली लावून दाखवला. मी खिशातून लेकीची पट्टी काढली तशी त्याने पोराला दोन चहा सांगितले. चहा आला, संपला, आणखी वीस मिनिटं गेली. पट्टीवर आकडा होता तिथंच होता. "झालं का समाधान?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून पाच मिनिटं थांबू या.