निगेटिव्ह आलेल्या तपासण्यांचे पैसे: माझा अनुभव

आईच्या डेंगीच्या क्लेममधून 4,630 रुपये कापल्याचे पत्र आले, तेव्हा तिला रुग्णालयातून घरी येऊन दीड महिना झाला होता. रुग्णालयाचे बिल कॅशलेसमध्ये मंजूर झाले होते आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडले ते दाखल होण्याआधी केलेल्या रक्ताच्या तपासण्यांवर, आणि त्यातही ज्या तपासण्यांतून आजार सापडला नाही, नेमक्या त्यांवर. रक्कम मोठी नव्हती, पण कपातीचे जे कारण दिले होते ते मला आजही पटत नाही.

आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासण्यांचा खर्च, ओपीडीचे संरक्षण वेगळे घेतले नसेल तर, सहसा मिळत नाही. तो मिळण्याची वाट दाखल होण्यातूनच जाते. दाखल होण्याआधीचे काही दिवस आणि घरी आल्यानंतरचे काही दिवस पॉलिसीत धरलेले असतात. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ते अनुक्रमे 30 आणि 60 आहेत, इतर पॉलिसींत जास्तही असतात. अट अशी की तपासणी त्याच आजारासाठी केलेली असावी आणि दाखल झाल्याचा मूळ क्लेम मान्य झालेला असावा. एका नातेवाइकांनी मला सुचवले होते की, एक दिवस दाखल करून सगळ्या तपासण्या उरकून घ्याव्यात, म्हणजे प्रश्नच मिटतो. हे कृपया कुणी करू नये, कारण केवळ तपासण्यांसाठी दाखल होणे हे पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेले असते आणि मग त्या तपासण्यांबरोबर खोलीचे भाडेही आपल्याच खिशातून जाते.

मी एकूण 8,140 रुपयांची बिले दिली होती. त्यांतले पहिले बिल 1,850 रुपयांचे होते. तापाच्या तिसऱ्या दिवशी मीच घाबरून लॅबला फोन केला, त्यांचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रिपोर्टवर ‘रेफर्ड बाय’ या शब्दांपुढे ‘सेल्फ’ असे छापून आले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय केलेली तपासणी म्हणून ते बिल नाकारले गेले. तो नियम मला मान्य आहे आणि त्या पैशांसाठी मी भांडलो नाही. प्लेटलेट्स 98,000 वर आल्याचे मात्र त्याच रिपोर्टमुळे कळले. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आईला तपासून पुढच्या तपासण्या लिहून दिल्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डेंगीची एनएस1 व आयजीएम, लिव्हर फंक्शन, मलेरियासाठी रक्ताची काच, लेप्टोस्पायरोसिस आणि टायफॉइडसाठी ब्लड कल्चर. बिल झाले 5,150 रुपये. एनएस1 पॉझिटिव्ह आली आणि पाचव्या दिवशी आई दाखल झाली.

या दुसऱ्या बिलातले 2,780 रुपये कापले गेले. मलेरिया 480, लेप्टो 1,250 आणि ब्लड कल्चर 1,050. पत्रात कारण एका ओळीत होते: ‘निदानाशी संबंधित नाही.’

टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात फोन केल्यावर तिकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, “सर, डायग्नोसिस डेंगी आहे. मलेरियाची टेस्ट त्याच्याशी रिलेटेड नाही.” मी म्हणालो, “मॅडम, त्या दिवशी हा डेंगी आहे हे डॉक्टरांनाही माहीत नव्हते. ते कळावे म्हणूनच तर या तपासण्या केल्या.” त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटले. पुढच्या दहा दिवसांत मी पाच वेळा फोन केला असेन. दरवेळी नवा आवाज, दरवेळी क्लेम नंबर पहिल्यापासून सांगायचा आणि शेवटी तेच उत्तर ऐकायचे. मध्येच ‘डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी’ असे विचारणा करणारे पत्र आले. चिठ्ठी मी पहिल्याच दिवशी जोडली होती. ती पुन्हा पाठवली, तर पुन्हा तेच पत्र आले. तिसऱ्या वेळी मी स्वतःची पीडीएफ नीट उघडून पाहिली. चिठ्ठीला बिल पिनने टाचलेले होते, मी दोन्ही तसेच स्कॅन केले होते आणि चिठ्ठीवरची तारीख नेमकी बिलाच्या कोपऱ्याखाली झाकली गेली होती. म्हणून सांगतो, प्रत्येक कागद सुटा करून स्कॅन करावा आणि पाठवण्याआधी रुग्णाचे नाव, तारीख व डॉक्टरांची सही वाचता येते का ते मोठे करून पाहावे.

तारखेचा प्रश्न मिटला, पण कपात तशीच राहिली. तेव्हा मी पॉलिसीचे पुस्तक घेऊन बसलो. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 मध्ये सर्व कंपन्यांसाठी वगळणुकीच्या कलमांची भाषा एकसारखी केली असून तपासण्यांविषयीचे कलम चौथ्या क्रमांकाचे आहे. त्यानुसार सध्याच्या निदानाशी व उपचारांशी संबंधित नसलेला किंवा आनुषंगिक (म्हणजे त्यांच्या ओघाने येणारा) नसलेला तपासणीखर्च वगळला जातो. मी ‘आनुषंगिक’ या शब्दावर अडून बसलो. पावसाळ्यात ताप आणि घसरत्या प्लेटलेट्स घेऊन आलेल्या रुग्णाला डेंगी असू शकतो, मलेरिया असू शकतो आणि लेप्टोही असू शकतो. प्लेटलेट्स तिन्हींत कमी होतात आणि औषधे मात्र वेगळी आहेत. उरलेले आजार बाजूला सारणे हा निदानाचाच भाग आहे. तो खर्च आनुषंगिक नसेल, तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

पण हा मुद्दा माझ्या तोंडून येऊन उपयोग नव्हता, कारण चिठ्ठीवर फक्त तपासण्यांची नावे होती, लक्षणांचा एक शब्दही नव्हता. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समोर वीस रुग्ण बसलेले असतानाही लेटरहेडवर पाच ओळींचा दाखला लिहून दिला: ताप चौथा दिवस, तीव्र अंगदुखी, प्लेटलेट्स 98,000, त्यामुळे मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस व टायफॉइड नसल्याची खात्री करणे उपचार ठरवण्यासाठी आवश्यक होते. या पाच ओळी पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर आल्या असत्या, तर पुढचे काहीच घडले नसते असे मला वाटते. आपल्या डॉक्टरांना ‘लक्षणेही लिहाल का’ असे तेव्हाच विचारावे, त्यात संकोच करू नये.

घरी आल्यानंतर केलेल्या दोन सीबीसी आणि एका लिव्हर फंक्शनचे 1,140 रुपये मात्र एकही प्रश्न न येता मिळाले, कारण त्या तपासण्या कधी करायच्या हे डिस्चार्ज समरीतच लिहिलेले होते. समरी हातात पडल्यावर पुढच्या तपासण्यांची ओळ तीत आहे ना, हे रुग्णालय सोडण्यापूर्वीच पाहावे.

दाखला जोडून मी टीपीएला वगळून थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल लिहिला. 29 मे 2024 च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार क्लेम पूर्ण किंवा अंशतः नाकारताना कंपनीला पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा संदर्भ द्यावा लागतो. मला आलेल्या पत्रात तो नव्हता, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिले. त्याखाली तिन्ही तपासण्यांची नावे, रकमा आणि दाखल्यातले वाक्य दिले. रागाचा मजकूर मी लिहून नंतर काढून टाकला. विमा भरोसा या आयआरडीएआयच्या तक्रार पोर्टलवरही त्याच दिवशी तक्रार नोंदवली. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नसते, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या विमा लोकपालांकडे जाण्याची माझी तयारी होती. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत, तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही; फक्त कंपनीने नाकारल्यापासून वर्षभराच्या आत जावे लागते.

ती वेळ आली नाही. अकराव्या दिवशी सुधारित पत्र आले. त्यात मलेरिया, लेप्टो आणि ब्लड कल्चर या तिन्हींपुढे ‘मंजूर’ असे लिहिले होते, खुलासा काहीही नव्हता. चार दिवसांनी 2,780 रुपये खात्यात जमा झाले. मी आईला पत्र वाचून दाखवले, तेव्हा तिने एवढेच विचारले की, डॉक्टरांना कळवलेस का. मी त्यांना त्याच संध्याकाळी पत्राची प्रत नेऊन दिली.