ती ‘हो’ का म्हणत नाही? कोरियन ऐतिहासिक मालिका पाहताना

इथे कोरियात ऐतिहासिक मालिकांना ‘सागुक’ म्हणतात. भारतातून त्या पाहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: एवढा राजा जीव टाकतोय, मग ही बाई ‘हो’ का म्हणत नाही? याचं उत्तर संवादांत कमी आणि राजवाड्याच्या नियमांत जास्त आहे.

‘द रेड स्लीव्ह’ (२०२१, १७ भाग) घ्या. राजा जॉंगजो आणि दासी सॉंग दॉक-इम. जॉंगजोची कारकीर्द १७७६ ते १८००, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव ते दुसरा बाजीराव. जोसॉन राजघराण्याच्या काळातल्या दासी लहानपणीच राजवाड्यात येत. पंधराएक वर्षांनी त्यांचा एक विधी होई: केस बांधायचे, नवे कपडे घालायचे, सगळा थाट लग्नाचा, फक्त नवरदेव नाही. त्यानंतर बाहेर पडली तरी तिला लग्न करता येत नसे. राजवाड्यात मरण्याचा हक्क राजघराण्यालाच. दासी आजारी पडली की तिला बाहेर पाठवत. राजाने निवडलं तर दर्जा वाढे, पण हातातलं काम आणि मैत्रिणी सुटत, आणि मुलगा झाला की वारसाच्या राजकारणातून सुटका नसे.

दॉक-इमचा नकार लेखकांच्या कल्पनेतला नाही. तिच्या समाधीसाठी जॉंगजोने स्वतः मजकूर लिहिला, त्यात तो आहे. जॉंगजो युवराज असताना तिने पहिल्यांदा नाही म्हटलं. कारण दिलं की त्याच्या पत्नीला अजून मूल नाही. बऱ्याच वर्षांनी, तो राजा झाल्यावर, पुन्हा नाही. तेव्हा त्याने तिच्या नोकरांना शिक्षा केली आणि मग ती तयार झाली. हे वाचल्यावर ‘प्रेमकथा’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. त्यांचा मुलगा १७८६मध्ये गोवराने गेला. त्याच वर्षी तीही गेली, गरोदर असताना.

याच्या उलट बाजू ‘क्वीन फॉर सेव्हन डेज’मध्ये (२०१७, २० भाग). इथे नकार द्यायला हवा होता तो राजाने. १५०६च्या बंडात जुंगजोंग गादीवर आला. त्याच्या राणीचे वडील बंडात सामील झाले नाहीत म्हणून मारले गेले. मुलगी उद्या सूड घेईल, या भीतीने दरबाऱ्यांनी तिला सात दिवसांत पदच्युत करायला लावलं. ज्यांनी गादी दिली त्यांना नाही म्हणायची त्याची ताकद नव्हती. पुढे तो ३८ वर्षं राजा राहिला, तरी तिला परत आणलं नाही. राणीचा मान तिला मिळाला १७३९मध्ये, मृत्यूनंतर १८२ वर्षांनी.

सबटायटलमध्ये दरबारी संबोधनं बहुतेक गळून जातात, म्हणून कानावर भिस्त ठेवा: ‘जॉन्हा’ म्हणजे राजा, ‘जॉहा’ म्हणजे युवराज. नजरही असू द्या. राजाच्या झग्यावरच्या ड्रॅगनला पाच नखं, युवराजाच्या ड्रॅगनला चार, राजाच्या वारस नातवाच्या तीन. विषाचा वाडगा पिण्याआधी दोषी माणूस राजाच्या दिशेने वाकून नमस्कार करतो, तो उपहास नसतो. राजाकडून आलेलं विष हीसुद्धा आज्ञाच.

सोलला आलात तर ग्यॉंगबोक राजवाड्याच्या पश्चिमेला ३३८ मीटर उंचीचा इनवांग डोंगर दिसतो. जुंगजोंगची पदच्युत राणी आपला घागरा राजाला दिसावा म्हणून तिथल्या एका खडकावर पसरून ठेवायची, अशी आख्यायिका आहे. चढायला मेट्रोच्या ३ नंबर मार्गावरचं दोंगनिममुन स्टेशन सोयीचं. ग्यॉंगबोक मंगळवारी बंद असतो, दॉक-इमचा चांगदॉक राजवाडा सोमवारी. हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून गेलात तर दोन्हीकडे तिकीट लागत नाही, पण त्या घेरदार पोशाखात डोंगर चढायच्या फंदात पडू नका. आधी राजवाडा, मग कपडे बदलून डोंगर.