तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या फुटबॉल टीमचं आपसात पटत नव्हतं का?

पटत होतं हो, चांगलं पटत होतं! फुटबॉल सोडून इतकी वर्षं झाली तरी भेटेल तो हेच विचारतो, ड्रेसिंग रूममध्ये भांडणं होती ना, म्हणूनच खालच्या डिव्हिजनमध्ये गेलात ना. अहो, अँडी कोल आणि टेडी शेरिंगहॅम वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, कोलने स्वतःच सांगितलंय, आणि हेच दोघं असलेल्या मँचेस्टर युनायटेडने १९९९ मध्ये लीग, एफए कप, चॅम्पियन्स लीग तिन्ही उचलले. त्यामुळे पटणं-बिटणं सोडा.

विश्वासाचं विचाराल तर तो नव्हता, म्हणजे माझा नव्हता, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

खालच्या डिव्हिजनमध्ये न जायला शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी पुरली असती. मी सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, शेजारचा स्टॉपर बचावाची लाइन चालवायचा, म्हणजे तो ‘अप’ ओरडला की बचावाच्या चौघांनी एकदम पुढे सुटायचं, मागे बघायचं नाही, समोरचा स्ट्रायकर आमच्या मागे राहून आपोआप ऑफसाइडमध्ये सापडतो, मग त्याचा गोल धरत नाहीत. पण एक जण मागे राहिला की संपलं. आधीच्या महिन्यात त्याची हाक दोनदा उशिरा आली होती आणि दोन्ही गोलांच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या. म्हणून त्या दिवशी तो ओरडला तेव्हा मी थांबलो, जरा बघून घेऊ म्हणून, फार तर दीड पाऊल. बाकी तिघं वर, मी मागे, स्ट्रायकर ऑनसाइड, गोल. सगळ्यांनी लाइन्समनकडे बघत हात वर केले आणि मीसुद्धा केला हो, माहीत असून.

टीव्हीवर खापर स्टॉपरवर फुटलं. मी गप्प.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो, दोनदा तोंड पोळल्यावर ताक कोण फुंकणार नाही? अर्धं पटतंही मला. पण मग रिप्ले बघतो, हाक अगदी वेळेवर होती. कुणीतरी मला कर्ट डर्क्सचा २००० सालचा अभ्यास पाठवला, कॉलेज बास्केटबॉलच्या टीम्सवरचा, ज्यांचा कोचवर भरवसा त्या टीम्स जास्त जिंकल्या असं त्यात आहे, बरं, पण आधी जिंकत आलेल्या टीम्सचाच भरवसा जास्त असतो हेही त्यातच आहे. आम्ही तर लागोपाठ हरत होतो, भरवसा आणायचा कुठून? हे कारण आहे की सबब, मला अजून कळत नाही.

मध्यंतरी तो भेटला, खूप गप्पा झाल्या, निघताना म्हणाला, "त्या दिवशी माझी हाक उशिरा गेली रे." मी "हं" म्हटलं.