टर्पेंटाईनला काडी लागत नाही : आमची वाटचाल

गिऱ्हाईक नवीन असलं की माझे वडील एक प्रयोग करून दाखवायचे. पांढऱ्या इनॅमलच्या वाटीत दोन बोटं टर्पेंटाईन ओतायचं, काडी पेटवायची आणि जळती काडी सरळ त्यात बुडवायची. चर्र आवाज व्हायचा आणि काडी विझायची. "बघा, याला काडी लागत नाही. बिनघोर ठेवा." रंगारी, फर्निचरला पॉलिश मारणारे, छापखान्यातले लोक, सगळ्यांनी तो प्रयोग पाहिलेला. 1988 साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या अर्ध्या गाळ्यात आमचा धंदा उभा राहिला, त्यात सायकलच्या कॅरिअरला लटकवलेल्या कॅनचा जितका वाटा होता तितकाच त्या वाटीचा. हा प्रयोग कृपा करून कोणी करू नये. का, ते पुढे येईलच.

आमचा माल म्हणजे मिनरल टर्पेंटाईन, धंद्यातल्या भाषेत एमटीओ. पाइनच्या झाडाच्या राळेपासून निघतं ते खरं टर्पेंटाईन वेगळं. हे पेट्रोलियमचं, रिफायनरीत तयार होणारं, साधारण 145 ते 205 अंशांच्या दरम्यान उकळणारं. रॉकेलच्या जवळचं, पण वासाला जरा सौम्य. ऑइल पेंट पातळ करायला, ब्रश धुवायला, मशीनचे भाग पुसायला लागतं. बॅरलने घ्यायचं, कॅनमध्ये भरायचं आणि पोचवायचं, एवढाच आमचा व्यवसाय. त्यात शोध-बिध काही नाही.

वडील सातवी शिकलेले, पण एक नियम त्यांना तोंडपाठ होता: बारा बॅरल. टर्पेंटाईन पेट्रोलियम कायद्यातल्या 'ब' वर्गात मोडतं. म्हणजे फ्लॅश पॉइंट (ठिणगी मिळाली की मालाची वाफ पेटते ते किमान तापमान) 23 अंश किंवा त्याहून जास्त, पण 65 च्या खाली. या वर्गाचा माल एका जागी 2500 लिटरपर्यंत असेल, आणि एकही भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर साठ्याचं लायसन्स लागत नाही. दोनशे लिटरचे बारा बॅरल म्हणजे 2400. तेरावा आला की वडील शेजारच्या गाळ्यात ठेवायचे. आज हे लिहिताना मान खाली जाते, पण खोटं कशाला सांगू? शेजारी वेल्डिंगचं काम चालायचं.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री करून 2001 साली गाळ्यात बसू लागलो. फ्लॅश पॉइंटची व्याख्या मला परीक्षेपुरती येत होती: ज्या तापमानाला द्रवाच्या वर पेट घेण्याइतकी वाफ जमते, ते. पण ती व्याख्या आणि आमच्या गाळ्याचा पत्रा यांचा काही संबंध आहे, हे डोक्यात आलं नाही. 2005 साली वागळेतली जागा सोडून आम्ही नवी मुंबईत रबाळ्याला, टीटीसी औद्योगिक वसाहतीत आलो. ठाण्यात जकात होती, नवी मुंबईत सेस होता. हिशेब करून वडिलांनी ऐरोलीच्या पुलापलीकडे जायचं ठरवलं. त्याआधीच ठाण्याहून वाशीची लोकल सुरू झाली होती, त्यामुळे कळवा-दिव्याची पोरंही कामाला यायला तयार झाली. नवीन शेड मोठी होती, उंच होती आणि वर सिमेंटचा नव्हे, लोखंडी पत्रा होता.

मे 2009. दुपारचे अडीच वाजले असतील. जुने बॅरल विकणाऱ्याकडून चार बॅरल आणले होते. आधी टोल्युईन नावाचं सॉल्व्हंट भरलेले, पण "धुतलेले". महिन्यापूर्वीच मी पाइपला कापडी फिल्टर बसवला होता, कारण मालात कचरा येतो अशी तक्रार होती. आमचा पोरगा पंप चालू करून पाइपचं तोंड बॅरलच्या भोकात धरून उभा होता. धार वरून पडत होती. मी टेबलाशी चलन लिहीत होतो. भक्क असा आवाज आला, फटाक्यासारखा नव्हे, गॅसची शेगडी उशिरा पेटते तसा. वर बघतो तो बॅरलच्या तोंडावर हातभर जाळ. पोराच्या हातावरचे केस गेलेले, मनगटाची कातडी लाल. दुसरा एक जण पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला मी ओरडून थांबवलं. एवढं मात्र कॉलेजात शिकलो होतो. टर्पेंटाईन पाण्यापेक्षा हलकं, पाणी मारलं की जळत जळत पाण्यावर तरंगत निघतं आणि आग पायाशी येते. पंप बंद केला, पावडरचा सिलिंडर मारला, विझलं. एकूण दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. पोराचा हात वीस मिनिटं नळाखाली धरला आणि मग ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला नेला. हात बरा झाला. तो अजून आमच्याकडेच आहे आणि बॅरल भरताना कोणाला जवळ उभं राहू देत नाही.

वडील त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. संध्याकाळी म्हणाले, "काडी लागत नाही रे त्याला. मी शेकडो वेळा करून दाखवलंय."

एका पेंट कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले एक काका आमच्या ओळखीचे होते. त्यांना बोलावलं. त्यांनी आधी काही विचारलं नाही, खिशातून थर्मामीटर काढून पत्र्याखाली टांगला आणि चहा मागितला. चहा संपल्यावर बघितलं, तर 43 अंश. मग वडिलांना म्हणाले, "तुमच्या या मालाचा फ्लॅश पॉइंट 38 च्या आसपास. तुम्ही प्रयोग कधी करायचात?" वडील म्हणाले, सकाळी, दुकान उघडल्यावर. "म्हणजे पंचवीस अंशाला. सकाळी हा माल गरीब गाय आहे. दुपारी या पत्र्याखाली तो पेट्रोलचा चुलतभाऊ होतो."

टोल्युईनचं तर विचारूच नका. त्याचा फ्लॅश पॉइंट 4 अंश. हवेत सव्वा टक्का वाफ झाली की ती पेटण्याजोगी. काकांनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून दाखवलं: दोनशे लिटरच्या रिकाम्या बॅरलमध्ये दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे टोल्युईन शिल्लक असेल तरी पुरे. आमच्या "धुतलेल्या" बॅरलच्या शिवणीत तेवढं सहज असणार. आणि ठिणगी? मी म्हटलं, आमच्याकडे कोणी विडीसुद्धा ओढत नव्हतं. ते म्हणाले, ठिणगी तू बसवलीस, कापडी फिल्टर. एमटीओ विजेचा वाईट वाहक. पाइपमधून जोरात वाहताना त्यात स्थिर वीज साठते, बारीक फिल्टरमधून गेलं की कितीतरी पटीने जास्त, आणि वरून धार पडली की आणखी. ती वीज बॅरलच्या आत कुठेतरी उडी मारते. आपल्याकडच्या दमट हवेत कसली आलीय स्थिर वीज, असं मला आजही लोक ऐकवतात. दमट हवा बाहेर. वीज तयार होते पाइपच्या आत, जिथे हवा पोचतच नाही.

हे सगळं काकांनी तासभर समजावलं. रात्री जेवताना मी आईला सांगत होतो, तर ती फुलवाती वळता वळता म्हणाली, "तेलात काडी टाकली तर विझते आणि वात लावली की पेटते, एवढं तुमच्या लक्षात आलं नाही?" मी घास तसाच धरून बसलो. तिने सांगितलं ते बॅरलच्या आगीचं कारण नव्हतं, पण आमच्या शेडमध्ये वाती ढीगभर होत्या. टर्पेंटाईन पिऊन बसलेलं गोणपाट, मशीन पुसायचे कापसाचे बोळे, सांडलं की त्यावर टाकायचा लाकडाचा भुसा. भांड्यातलं टर्पेंटाईन गार असताना पेट घेणार नाही, पण तेच चिंधीत मुरलं की एका ठिणगीने पेटतं, मग थंडी असो की पाऊस. दुसऱ्या दिवशी भुसा बंद झाला आणि कोरडी वाळू आली.

त्यानंतरची दोन वर्षं खर्चाची. बेलापूरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियमच्या साठ्याला परवाना देणाऱ्या केंद्र सरकारी खात्याच्या, ऑफिसच्या चकरा मारून रीतसर लायसन्स काढलं. शेडच्या वरच्या झडपांइतक्याच जमिनीलगत जाळ्या केल्या, कारण याची वाफ हवेपेक्षा चारपाच पट जड, ती वर जात नाही, साप सरपटावा तशी जमिनीवरून जाते आणि गटारात उतरते. फ्लेमप्रूफ दिवे, पितळी पाने. पाइप बॅरलच्या तळापर्यंत जाईल एवढा लांब केला, आणि तोंड बुडेपर्यंत सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त वेग द्यायचा नाही. फिल्टर ठेवला, पण त्याच्या पुढे पाइपची लांबी वाढवली, म्हणजे मालाला शांत व्हायला वेळ मिळतो. साठलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची क्लिप तर इतकी साधी गोष्ट, पण तिच्यातच सगळे फसतात. रंगावर लावलेली क्लिप म्हणजे शोभेची क्लिप. खालचा पत्रा चमकेपर्यंत रंग खरवडून मग ती लावायची. प्लॅस्टिकच्या कॅनला अर्थिंग करताच येत नाही, म्हणून ते भरायचे हळू. जुने बॅरल घेणं कायमचं बंद. आणि आमचा रिकामा बॅरल कापायला देत नाही. भरलेल्यापेक्षा रिकामा वाईट, हे भंगारवाल्यांना समजावताना माझा घसा बसतो, कारण त्यांच्या लेखी रिकामं म्हणजे रिकामं.

गिऱ्हाईकं गेली, हेही लिहायला हवं. किरकोळ विक्री आमची निम्मी होती. लोक पाण्याची बाटली घेऊन यायचे, एक लिटर द्या म्हणायचे. ते थांबवलं ते दुसऱ्याच एका प्रसंगामुळे. घोडबंदरच्या एका साइटवर रंगाऱ्याच्या हाताखालचा मुलगा तहानेला, शेजारची बाटली तोंडाला लावली. दिसायला पाणीच. दोन घोट गेले. बरोबरच्यांनी चांगल्या मनाने मिठाचं पाणी पाजून उलटी काढवली, आणि तिथेच बिघडलं. पोटात गेलेलं टर्पेंटाईन एक वेळ निभावतं, पण उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरलं की फुप्फुसं सुजतात. आठवडाभर तो दवाखान्यात होता. वाचला. उलटी काढायची नाही, तोंड धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा, हे तेव्हापासून आमच्या प्रत्येक कॅनवर मराठी आणि हिंदीत छापलेलं असतं. पाण्याच्या बाटलीत माल देत नाही म्हणून चिडून गेलेले काही जण शेजारच्या दुकानात गेले. जाऊ देत.

एकदा उलट आळ आमच्यावर आला. एका सुताराच्या कारखान्यात रात्री कचऱ्याच्या डब्याला आग लागली, आणि सकाळी फोन आला की तुमच्या टर्पेंटाईनमुळे. जाऊन बघितलं तर डब्यात पॉलिशच्या चिंध्यांचे बोळे, आणि पॉलिशमध्ये जवसाचं तेल. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंधी पसरून ठेवली तर ऊब निघून जाते, पण गोळा करून दाबली की आत कोंडते आणि काही तासांनी आपोआप धूर निघतो. टर्पेंटाईनने मदत केली असेल, पण सुरुवात त्याने केली नव्हती. आता आम्ही पॉलिशवाल्यांना सांगतो, चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

दसऱ्याचंही सांगतो. खंडेनवमीला बॅरलला हळदकुंकू, झेंडूची माळ आणि समोर निरांजन, शिवाय कापूर. ही पूजा आमच्याकडे वीस वर्षं शेडमध्ये व्हायची, कोणाला काही वाटायचं नाही. 2009 च्या दसऱ्याला मी पूजा फाटकाबाहेर मांडली तेव्हा मुकादम दोन दिवस बोलला नाही. पंपाला बाहेर आणता येईना, मग पंपाचा पाना आणून त्याची पूजा केली. रात्रपाळीच्या वॉचमनची मच्छर अगरबत्ती बंद करायला मात्र पूजेपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी त्याला मच्छरदाणी घेऊन दिली.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये फोन वाजायचा थांबत नव्हता. सगळ्यांना सॅनिटायझर भरून हवं होतं, आगाऊ पैसे द्यायला तयार. अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट पंधरा अंशांच्या आसपास, म्हणजे 23 अंशांच्या खालच्या 'अ' वर्गासारखीच जात. आमची शेड आणि लायसन्स त्यासाठी नव्हते. नाही म्हटलं. बायको म्हणाली, पगार कुठून देणार? दिले, तिचे दागिने ठेवून. त्या निर्णयाबद्दल मला अजून अभिमान वाटत नाही आणि पश्चात्तापही होत नाही.

डोंबिवलीत मे 2016 ला आणि पुन्हा मे 2024 ला स्फोट झाले. त्यांची रसायनं वेगळी, कारणंही वेगळी, पण दोन्ही वेळा आमच्या पोरांच्या घरून फोन आले, कामावर जाऊ नकोस म्हणून. दुसऱ्या वेळी मी सगळ्यांच्या घरच्यांना एका रविवारी शेडवर बोलावलं, फिरवून दाखवलं. एका आईने विचारलं, आग लागलीच तर माझा मुलगा कुठल्या दाराने बाहेर पडेल? आमच्याकडे दोन दारं आहेत. मागच्या दाराशी त्या दिवशी रिकामे कॅन रचलेले होते.

आता नऊ माणसं आहेत. पाण्यातले रंग वाढल्यामुळे टर्पेंटाईनचा खप दरवर्षी थोडा कमी होतोय, मशीन धुण्याच्या कामावर आमचं चाललंय. वडील 2018 ला गेले. 2009 नंतर त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही, आणि मीही त्याचा विषय काढला नाही. ती इनॅमलची वाटी फाटकाजवळच्या टेबलावर असते. टेम्पोवाले आत येताना तिच्यात काडेपेटी, लायटर टाकतात आणि जाताना उचलतात. सध्या तिच्यात दोन काडेपेट्या आहेत आणि एक हिरवा लायटर, जो गणपतीपासून कोणी न्यायला आलेला नाही.