मिठाला गेलेला माणूस

आमच्या आजोबांना घरात आणि गल्लीत सगळे अण्णाच म्हणत. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या घरातून ते संध्याकाळी किटली घेऊन दुधाला निघाले, की परत किती वाजता येतील याचा अंदाज आजी बांधायला जात नसे. रंकाळा वेशीवरून गंगावेशीतला दूध कट्टा तसा हाकेच्या अंतरावर. पण वाटेत भेटेल त्याच्या घरची खबरबात घेतल्याशिवाय अण्णांचे पाऊल पुढे पडत नसे. कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर म्हैस पिळतात आणि फेसाळलेले धारोष्ण दूध लोक तिथेच उभ्याने पितात. धार काढून होईपर्यंत थांबावे लागते, आणि हे थांबणे म्हणजे अण्णांच्या लेखी दिवसातली सर्वांत कामाची वेळ. शेजारी एखादा पैलवान उभा असला, तर तालीम कुठली, वस्ताद कोण, गाव कोणते असे विचारता विचारता त्याच्या गावात आमचे कुणीतरी पै-पाहुणे निघतच, आणि मग त्याला जेवायला बोलावणे ओघानेच येई. “यांना मिठाला पाठवलं, तर माणूस घेऊन येतात,” असे आजी म्हणत असे.

अण्णा गेल्यावर भेटायला आलेल्या बहुतेकांनी आमच्या घरी जेवल्याची आठवण सांगितली. ते जेवण रांधले कुणी, याचा उल्लेख करणारे थोडेच निघाले. अण्णांना मात्र त्याची पुरती जाणीव होती. रविवारी चुलीवर मटणाची अळणी, म्हणजे बिनतिखटाचे सूप, शिजत असताना लसूण सोलणे आणि नारळ खवणे ही कामे त्यांची ठरलेली असत. आयत्या वेळी माणसे वाढली तर तांबडा रस्सा वाढवता येतो, पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध थोडे जास्त घालता येते, पण भाकरी एकेक थापावीच लागते, हे आजीचे गणित त्यांना पाठ होते. म्हणून सगळी पंगत उठली, आजी परातीपासून उठून हात धुऊन आली आणि तिने पान घेतले, की मगच तिच्याशेजारी ते स्वतःचे ताट मांडत. एवढ्याने तिचे श्रम हलके झाले असे मी म्हणणार नाही. परंतु जेवताना दिवसभराच्या सगळ्या गाठीभेटी ते तिला इतक्या तपशिलाने सांगत, की घराबाहेर फारशी न पडणाऱ्या आजीला अर्ध्या कोल्हापुरातल्या सोयरिकी ठाऊक असत.

आम्हां नातवंडांना त्यांनी गोष्टी फारशा सांगितल्या नाहीत. त्यांनी आम्हांला माणसांसमोर उभे केले. “हा आमच्या धाकटीचा थोरला” अशी ओळख करून दिली, की समोरच्याला नमस्कार करून त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे भाग असे, आणि लहानपणी मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा येई. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या, 1912 मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानाची रचनाच अशी आहे, की उतरत्या बैठकीमुळे मधल्या आखाड्यातली कुस्ती कुठूनही दिसावी. अण्णा मात्र बराच वेळ आखाड्याकडे पाठ करून मागच्या ओळीतल्यांशी बोलत बसत आणि टाळ्या वाजल्या की कोण चितपट झाले ते आम्हांला विचारत.

त्यांचा हा गुण एकाच ठिकाणी तोकडा पडे. माझे वडील मंगळवार पेठेतले, आणि कोल्हापुरात दोन पेठांमधली फुटबॉलची चुरस काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याला या सोयरिकीतली अडचण वेगळी सांगायला नको. शाहू स्टेडियमवर सामना असला, की सासरे आणि जावई एकाच गाडीवरून जात आणि वेगवेगळ्या बाजूंना बसत. परतताना हरलेल्याने मिसळ खाऊ घालायची असा रिवाज होता, आणि अण्णा तो हसत पाळत असले तरी त्या दिवशी कट फार तिखट झाल्याची तक्रार करत.

आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोली देवीला घालतात. डोक्यावर पाण्याचे कलश घेतलेल्या मुली, पुढे पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांचा नाद आणि मागून सगळी गल्ली अशी ती मिरवणूक जाते, आणि नंतर घरोघर मटणाचा बेत असतो. आमच्याकडची आमंत्रणे नेहमी अण्णाच करत. यंदा त्यांची फोन नंबरांची वही आजीने स्वतःकडे घेतली, चष्मा लावून एकेकाला फोन केले आणि माझ्या वडिलांना, गेल्या हंगामातल्या सामन्यांचा विषय काढायचा नाही या अटीवर, सहकुटुंब जेवायला बोलावले.