तुम्ही विचारलंत म्हणून: हिमोग्लोबिन कमी आलंय ना, मग आणखी तपासण्या कशाला?

आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. सदाशिव पेठेतल्या एका काकांनी तर निकालच लावला, "नऊ आलंय, म्हणजे लोह कमी. गोळ्या घेतो, विषय संपला." पण नऊ या आकड्यातून हिमोग्लोबिन कमी आहे एवढंच कळतं. का कमी आहे, ते कळत नाही.

त्यासाठी ट्रान्सफेरिनकडे बघावं लागतं. यकृतात तयार होणारं हे प्रथिन रक्तातून लोह वाहून नेतं. एका रेणूवर लोहाच्या दोन अणूंपुरती जागा. रिक्षाच म्हणा, पण जी पेशी हात दाखवेल तिच्याकडे बिनतक्रार जाणारी, म्हणजे पुण्यातली नव्हे! शरीरात लोह तीन-चार ग्रॅम, पण ट्रान्सफेरिनवर एका वेळी जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम. हाडांच्या आत लाल पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला मात्र रोज वीसेक मिलिग्रॅम हवं असतं, त्यामुळे फेऱ्या अखंड चालू.

रिपोर्टमधलं टीआयबीसी म्हणजे एकूण किती लोह बसू शकेल, आणि सॅच्युरेशन म्हणजे त्यातल्या किती जागा भरल्यात. हे साधारण 20 ते 45 टक्के असावं.

आता समजा, दोघीजणी आहेत आणि दोघींचं हिमोग्लोबिन 9. पहिलीचं सीरम आयर्न, म्हणजे रक्तातलं लोह, 28, टीआयबीसी 460, सॅच्युरेशन 6 टक्के. साठा आटला की यकृत ट्रान्सफेरिन वाढवतं, पण वाहायला लोहच नाही. ही खरी कमतरता. दुसरीला जुना आमवात. तिचं आयर्न 32, म्हणजे जवळपास तेवढंच, पण टीआयबीसी 210. शरीरात दाह असला की यकृत ट्रान्सफेरिन कमी करतं, आणि हेप्सिडिन नावाचं संप्रेरक साठ्यातलं लोह अडवून धरतं. तिचं सॅच्युरेशन 15 येतं. तेही कमीच, त्यामुळे तेवढंच पाहिलं तर आपण फसतो, म्हणून सोबत फेरिटिन, म्हणजे साठ्यात किती लोह आहे ते सांगणारी तपासणी. ते भरपूर निघालं, तर नुसत्या गोळ्यांनी बद्धकोष्ठतेपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

लाल पेशी लहान, फिकट आणि सॅच्युरेशन मात्र व्यवस्थित असेल, तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातल्या सौम्य आनुवंशिक दोषाची शंका येते. पिंपरीतल्या सिंधी घरांत तर लग्न ठरवण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी, असं माझं मत.

जाता जाता: डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाणी गळतंय, ते सर्दीचं की मेंदूभोवतीचं, हेही बीटा-2 ट्रान्सफेरिन या त्याच्याच एका प्रकारावरून ओळखतात.

आणि पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर गोळ्या चालू करून गप्प बसू नका. पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, ते डॉक्टरांकडून बघून घ्या. तपासणीला सकाळी उपाशीपोटी या. लोहाची गोळी चालू असेल तर ती किती आधी थांबवायची, ते डॉक्टरांना विचारा, कारण नुकतीच घेतलेली गोळी सीरम आयर्नचा आकडा फुगवते.