तुम्ही विचारलंत म्हणून: ते रंग खरे असतात का?

तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो कुणालाही दाखवा, दुसऱ्या मिनिटाला विचारणा होतेच: ‘हे रंग खरे, की कॉम्प्युटरवर भरलेले?’ हबल आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींची निरीक्षणं उतरवून घेऊन (काही काळानंतर ती सगळ्यांना फुकट खुली होतात) मी हौसेनं चित्रं बनवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे.

भरलेले असतात. पण मनाला येईल तसे नाही.

फाइल उघडली की आधी जवळजवळ काळा चौकोन दिसतो. ताऱ्यांच्या मानानं मेघ इतका मंद असतो, की अंधाऱ्या भागाचा उजळपणा ताणल्याशिवाय तो वर येतच नाही. हबलच्या सुट्या फोटोंवर वैश्विक किरणांचे (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे) पांढरे ओरखडे असतात. त्याच जागेचे अनेक फोटो जुळवले की ते निघून जातात. वेबच्या फाइलीत ठळक ताऱ्यांच्या मधोमध चक्क काळी भोकं! पहिल्यांदा वाटलं, फाइल नीट उतरली नाही. खरं तर तिथे इतका प्रकाश पडलेला असतो की पिक्सेल काठोकाठ भरून जातात, आणि मग तिथला आकडाच दिला जात नाही.

आणि हे सगळं कृष्णधवल. कॅमेऱ्यापुढे एकेक फिल्टर येतो आणि त्यातून येणारा प्रकाश फक्त मोजला जातो. गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचा हबलनं १९९५ साली घेतलेला फोटो तुम्ही पाहिला असेलच. त्यात गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा प्रकाश वेगवेगळा गाळून घेणारे तीन फिल्टर वापरले होते. हायड्रोजनच्या प्रकाशाची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, गंधकाच्या प्रकाशाची ६७२च्या आसपास. डोळ्यांना दोन्ही लालच. तसेच ठेवले असते तर कुठला वायू कुठे आहे ते कळलंच नसतं. म्हणून सर्वांत लांब तरंगाच्या गंधकाला लाल, मधल्या हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. पट्टी बदलली, चाल तीच. वेब तर ०.६ ते २८ मायक्रॉनमध्ये बघते (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). सुरुवातीचा थोडा लाल भाग सोडला तर ते सगळं अवरक्त, डोळ्यांना न दिसणारं. तिथे ‘खरा’ रंग कुठला धरायचा?

‘मग जवळ जाऊन पाहिलं तर?’ हा पुढचा प्रश्न. निराशा होईल. जवळ गेल्यावर मेघ मोठा दिसेल, पण त्याचा प्रकाशही तेवढ्याच जास्त जागेत पसरेल. तो उजळ काही होणार नाही. इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. बहुतेक मेघांचा नुसता राखाडी धुरकटपणा दिसेल.

फसवणूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. कुठल्या फिल्टरला कुठला रंग दिला हे चित्राखाली लिहायचं टाळतात, किंवा रंग भडक करत सुटतात. दुसरा गुन्हा माझ्याही नावावर आहे. सुरुवातीची माझी चित्रं आता बघवत नाहीत.

आणि ती काळी भोकं? ती मी बुजवतो. आजूबाजूच्या पिक्सेलांवरून अंदाज बांधून पांढरा भरतो. मोजमाप नसलेली चित्रातली जागा तेवढीच. तिच्याबद्दल मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही.